बाखवाडीच्या ढालीवरचा तिरका पाऊस

ज्ञानू मिस्त्री कसे होते असं कुणी विचारलं, तर अण्णासोंना धड चार वाक्यं सांगता यायची नाहीत. सोळा वर्षं दोघं उद्यमनगरातल्या एकाच फौंड्रीत कामाला होते. अण्णासो पुढं ऑफिसात पत्रव्यवहार बघायचे, ज्ञानू मिस्त्री मागं पत्र्याच्या शेडात लाकडाचे पॅटर्न करायचे, आणि मधे जुन्या बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ढीग पडलेलं अंगण. ते अंगण ओलांडून अण्णासो सोळा वर्षांत कितीदा मागं गेले असतील? आठवायला बसलं की ते घोटाळतात. मिस्त्रींचं गाव राधानगरीच्या पुढं कुठंतरी आत होतं. गावाचं नाव त्यांनी एकदा सांगितलं होतं, ते अण्णासोंच्या ध्यानात राहिलं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. मिस्त्री चहा स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातून घ्यायचे. ती त्यांची आवड होती, की कधीकाळी कुणी तसं करायला लावलं होतं, हेही अण्णासोंनी विचारलं नाही. मिस्त्री बौद्ध, आडनाव कांबळे. अण्णासो मुरगूडकडच्या शेतकरी घरातले. असलं काही विचारायची पद्धत नव्हती, आणि अण्णासोंना तर एसटीत कंडक्टरला तिकीट मागायचं म्हटलं तरी आधी घसा खाकरावा लागे.

तेव्हा हे सगळं एका ढालीपुरतंच आहे. त्यातलंही पुरतं समजलंय असं अण्णासो म्हणत नाहीत.

शहाण्णव सालची दिवाळी होऊन गेली होती. फौंड्रीतून जर्मनीतल्या एका पंपांच्या कारखान्याला ओतीव माल जात असे. तो कारखाना एका खेड्यात होता. खेड्याचं नाव हातभर लांब आणि शेवटी ‘बाख’. बाख म्हणजे ओढा, असं अण्णासोंनी एकदा सांगून ठेवलं, तेव्हापासून फौंड्रीत सगळे त्या गावाला बाखवाडी म्हणायला लागले. पुढच्या वर्षी बाखवाडीला सातशे वर्षं होणार होती, मोठा उत्सव होता. बाळासो मालकांच्या मनात आलं, आपल्याकडनं गावाला भेट म्हणून त्यांच्या गावची ढाल बिडात ओतून पाठवायची. त्या मुलखात म्हणे गावागावाला अशी ढाल असते, ग्रामपंचायतीच्या दारावर लावतात, कागदांवर छापतात. मालकांनी ढालीचं चित्र मागवलं. फॅक्सनं चित्र आलं आणि त्याच्यासोबत दोन पानी जर्मन पत्र आलं.

पत्र अण्णासोंकडं आलं, कारण त्र्याऐंशी साली त्यांनी सहा महिने संध्याकाळचा जर्मनचा वर्ग केला होता. शंभरात बेचाळीस मार्क पडले होते. ते मार्क त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, आणि ‘जर्मन येतं’ असंही ते कधी म्हणाले नव्हते; लोकांनीच तसं धरून घेतलं. खिशात मावेल एवढ्या शब्दकोशाच्या आधारानं त्यांनी तीन दिवसांत पत्राचं मराठी केलं. सगळं झालं. फक्त चित्राच्या खाली बारीक अक्षरात एक वाक्य होतं, ते काही केल्या लागेना. त्यातला मुख्य शब्दच कोशात नव्हता. ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. चित्राखालचं वाक्य, असून असून काय असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग मिस्त्रींनी त्यांना मागं बोलावून घेतलं.

“बसा अण्णासो. तिकडं नको, भुसा हाय.” मिस्त्रींनी फॅक्स बाकावर पसरून चारी कोपऱ्यांवर चार ठोकळे ठेवले होते. “मालक म्हणत्यात दोन फूट उंच, अर्ध्या इंचाचा उठाव. ते करतो मी. पर हे हाय काय?”

“गावाची खूण आहे. ढाल.”

“पाटलाची का गावाची?”

“गावाची.”

“आन् चाक अर्धंच कशापाई? फ्याक्समधी तुटलंय का?”

“नाही, ते अर्धंच आहे.”

“तेच सांगा मला. समजल्याबिगर माजी पटाशी चालत न्हाय. व्हॉल्व्हचा पॅटर्न करताना पाणी कुठनं आत शिरणार, कुठनं भाईर पडणार, ते मला डोळ्यांम्होरं दिसतंय. ह्यातलं कायबी दिसत न्हाय.”

पॅटर्नचं काम असं असतं की जी वस्तू बिडात हवी, ती आधी लाकडात करायची. ती वाळूत दाबून काढून घेतली की जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेल्या बिडाचा रस ओततात. बीड थंड होताना आकसतं, म्हणून मिस्त्रींची फुटपट्टी बाजारातल्या फुटपट्टीपेक्षा नखभर लांब होती. तिच्यावर मोजून त्यांनी वीस-बावीस वर्षं काम केलं होतं आणि एकही पॅटर्न परत आला नव्हता. आता येत्या ऑगस्टला त्यांना अठ्ठावन्न पुरी होणार होती. ढाल नामी झाली तर पुढं दोन वर्षं ठेवून घेतो, असं मालक सगळ्यांसमोर बोलले होते. मिस्त्रींची धाकटी मुलगी मनाली नर्सिंगला होती, तिची अजून दोन वर्षं राहिली होती. म्हणजे ह्या लाकडाच्या तुकड्यावर काय अवलंबून होतं, ते शेडात सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णासोंनी पत्रातलं सांगायला सुरुवात केली. चाक गिरणीचं. गिरणी ओढ्यावर, दोन गावांच्या शिवेवर. म्हणून अर्धं चाक ह्या गावाच्या ढालीवर आणि अर्धं पलीकडच्या गावाच्या. दोन्ही गावांनी गिरणीच्या पाण्यावरनं दोनशे वर्षं भांडण केलं.

“पाण्यावरनं?” मिस्त्री हसले. “मग गाव आपल्याकडचंच की हो!”

मधला नागमोडी पट्टा म्हणजे तो ओढा. खाली तीन कणसं, सातूसारख्या कुठल्याशा धान्याची. तीन वाड्या मिळून गाव झालं म्हणून तीन.

“आन् ही ढाल कुणी दिली त्यांस्नी? राजानं?”

“नाही. जुन्या शिक्क्यावर नुसतं चाक होतं. त्याच्यावरनं शाळेच्या मास्तरांनी ही बसवली आणि सरकारनं छप्पन साली मंजूर केली.”

“छप्पन?” मिस्त्रींनी वर बघितलं. “म्हंजे मी सतरा वर्सांचा हुतो. त्याच सालात आमच्या बानं घरातलं देव नेऊन नदीत सोडलं. आमची बी नवी खूण तवाचीच.” ते परत चित्राकडं वळले. “मला वाटलं हजार वर्सांची आसंल.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

“मास्तरनं बसून काढली म्हणा की. झ्याक हाय मग. काढाया येत आसंल तर हजार वर्सं कशाला थांबायचं?”

मिस्त्रींना एवढं बोलताना अण्णासोंनी त्याआधी ऐकलं नव्हतं. अण्णासो उठायला लागले, तेवढ्यात मिस्त्रींनी चित्रावर बोट ठेवलं. ढालीचा वरचा भाग, जिथं चाक होतं, तो सगळा बारीक उभ्या रेघांनी भरला होता.

“आन् ह्या रेघा कसल्या?”

पत्रात रेघांबद्दल काही नव्हतं. म्हणजे जेवढं अण्णासोंना लागलं त्यात नव्हतं. ‘ठाऊक नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण इतका वेळ मिस्त्री त्यांच्याकडं मास्तरांकडं बघावं तसं बघत होते, आणि अण्णासोंकडं तसं कुणी बघायची सवय नव्हती.

“पाऊस असेल,” ते म्हणाले.

मिस्त्रींनी मान डोलावली. ओढ्याच्या पट्ट्यात आडव्या रेघा होत्या. “मग ह्या आडव्या म्हंजे पाणी.”

“असणार.”

“आन् कणसांच्या मागं हे ठिपकं? पेरलेलं दाणं.”

“होय की.”

“वर पाऊस, मधी ओढा, खाली पेरा. मास्तर शाना हुता!”

सगळं इतकं नीट जुळलं की अण्णासोंना स्वतःलाही ते पत्रात वाचल्यासारखं वाटायला लागलं.

दहाबारा दिवसांनी ते पुन्हा मागं गेले तेव्हा सागवानात चाक उमटलं होतं. ओढा तर असा की हात लावला तर ओला व्हावा. पण वरच्या रेघा तिरक्या होत्या. डावीकडनं सुरू होऊन उजवीकडं खाली उतरत गेलेल्या.

“मिस्त्री, रेघा उभ्या होत्या की.”

“पाऊस कुठं सरळ पडतोय व्हय, अण्णासो? राधानगरीला येऊन बघा एकदा. छत्री डोस्क्यावर न्हाय, पोटाम्होरं धरावी लागतीया. वारा पच्चिमेचा, ह्या अंगानं येणार, आन् पाऊस असा खाली उतरणार. तुमचा मास्तर घरात बसून काढत आसंल.”

“पण त्यांनी तसं काढलंय...”

“त्यांनी कागदावर काढलंय. लाकडात सरळ रेघा मारल्या तर ते दुकानाचं शटर दिसंल.”

अण्णासो हसले. त्यांना ते पटलं होतं. ह्या गोष्टीचं त्यांना अजून आश्चर्य वाटतं, की त्या वेळी खरोखरच पटलं होतं. मालक बघायला आले तेव्हा तर म्हणाले, “आयला मिस्त्री, उघड्यावर उभारल्यागत वाटाय लागलंय!” ढाल ओतली, घासली, काळा हात मारला आणि एप्रिलात विमानानं रवाना झाली.

जूनमध्ये उत्तर आलं. अण्णासोंनी ते एकदा वाचलं, मग शब्दकोश काढून वाचलं, मग दार लोटून घेऊन वाचलं. बाखवाडीच्या सरपंचांनी लिहिलं होतं: भेटीबद्दल फार आभार, ओतकाम सुंदर. पण आमचा लाल रंग तुम्ही हिरवा का केलात? हिरव्यावर चाक ही पलीकडच्या गावाची ढाल आहे. उत्सवात ढालीवरचा पडदा काढला तेव्हा काही लोक हसले आणि काही उठून गेले.

अण्णासोंनी मालकांना वाचून दाखवलं. मालकांनी पेंटर सयाजीला बोलावलं.

“सयाजी, हिरवा मारलास?”

“हिरवा डबा मी दिवाळीपासनं उघडला न्हाय मालक. काळा मारला, एक हात.”

“काळ्याखाली?”

“रेड ऑक्साइड.”

“ते तर लाल! मग हिरवं कुठनं आलं? काळ्याचं हिरवं हुतंय का वाटंत?”

“समुद्रावरनं गेलं आसंल तर खारं वारं लागून...”

“इमानानं गेलंय ते!”

मालक अण्णासोंकडं वळले. “अण्णासो, तुमाला जर्मन येतंय न्हवं नक्की?”

पत्रात आणखी एक ओळ होती, ती त्यांनी वाचायची टाळली होती, कारण तिचा अर्थ लागत नव्हता. आता त्यांनी ती वाचली. “रेघा तिरक्या आहेत म्हणून ते हिरवं आहे, असं काहीतरी लिहिलंय.”

“म्हंजे काय?”

“कळत नाही.”

पण मालकांना अर्धं कळलं. त्यांनी जुना फॅक्स काढला, ढालीचा फोटो काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री हात पुसत आले.

“ह्या रेघा उभ्या हायेत. ह्या तिरक्या कुणी केल्या?”

“म्या केल्या.”

“कुणाला इचारून?”

मिस्त्रींनी फॅक्सकडं बघितलं. अण्णासो टेबलाच्या पलीकडं पत्र हातात धरून उभे होते. मिस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. “कुणाला न्हाय. माज्या मनानं.”

“ऑर्डरी जात्यात तिकडं आपल्या! गावाची गंमत केली आसं वाटलं आसंल त्यांस्नी. ऱ्हाऊ दे आता, ऑगस्टला काम थांबवा तुमी. वय झालं.”

अण्णासोंनी घसा खाकरला. मालकांनी “काय?” असं विचारलंही. “काही नाही,” असं अण्णासो म्हणाले.

त्या रात्री त्यांना झोप लागली की नाही ते महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली, जी एरवी केली नसती. मालकांना न सांगता बाखवाडीच्या सरपंचांना स्वतः पत्र लिहिलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, अकरा वाक्यं. त्यात विचारलं की रंग न लावलेल्या बिडात तुम्हाला हिरवं कसं दिसलं. तिसऱ्या आठवड्यात फॅक्स आला. एका पानावर छोटे छोटे चौकोन काढले होते आणि प्रत्येकाखाली रंगाचं नाव. उभ्या रेघा लाल. आडव्या रेघा निळा. डावीकडनं उजवीकडं उतरणाऱ्या तिरक्या रेघा हिरवा. ठिपके सोनेरी. जिथं रंग देता येत नाही, कागदावर, दगडावर, बिडावर, तिथं रेघांनी रंग सांगायची त्यांची शेकडो वर्षांची रीत होती. ‘हे आम्ही पहिल्या पत्रात चित्राखाली लिहिलं होतं,’ असंही त्यांनी पुढं लिहिलं होतं, रागानं नव्हे.

अण्णासो आधी मालकांकडं गेले. उभ्या उभ्या सांगून टाकलं, की मिस्त्रींना पाऊस मी म्हणालो, आणि एक वाक्य मला लागलं नव्हतं ते मी सोडलं.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुमी पाऊस म्हणालासा. तिरका करा म्हणालासा का?”

“नाही, पण...”

“मग? आन् तुमास्नी खरं सांगू का, आता पॅटर्नचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करणारा एकजण मी सांगून ठेवलाय. मिस्त्रीस्नी म्हणावं, जाता जाता सरळ रेघांची एक ढाल करून द्या. ती पाठवू.”

म्हणजे मुदतवाढ ढालीमुळं गेली की ती कधी मिळणारच नव्हती, हे अण्णासोंना तेव्हा कळलं नाही. आताही सांगता येत नाही. ते मागं शेडात गेले.

“मिस्त्री, त्या रेघा म्हणजे पाऊस नव्हता.”

“मग?”

“लाल रंग होता.”

“कुठं?”

“तिथंच. उभी रेघ म्हणजेच लाल.”

मिस्त्रींनी फॅक्स हातात घेतला. चौकोनावरनं चौकोनावर बोट नेलं. “आडवी म्हंजे निळा. ठिपकं म्हंजे सोनं. आन् ही तिरकी हिरवा.” त्यांनी फॅक्स बाकावर ठेवला. “म्हंजे मी एवढं मन लावून पलीकडच्या गावची ढाल केली.”

“होय.”

“आन् पाण्यावरनं भांडाण त्यांचं.”

“होय.”

“आता तर आनखीच पेटलं आसंल!” ते मोठ्यानं हसले, मग हसू थांबलं. “आन् पाऊस न्हायच म्हणा त्यात कुठं.”

“मिस्त्री, मी पाऊस म्हणालो होतो.”

“म्हणाला हुतासा की.”

“मग मालकांना तुम्ही माझं नाव...”

“रेघ मी तिरकी केली, अण्णासो,” मिस्त्री म्हणाले आणि रंधा उचलून कामाला लागले. ते राग गिळून म्हणाले, की त्यांना खरंच तसंच वाटत होतं, की एवढंच म्हणायचं होतं की आता जा? रंध्याखालनं लाकडाची सालपटं निघत होती. मग अण्णासो ऑफिसात परत आले.

दुसरी ढाल मिस्त्रींनी शेवटच्या आठवड्यात केली. उभ्या रेघा त्यांनी आपली लांब फुटपट्टी ठेवून ओढल्या, एकसारख्या. ती पोचली, ग्रामपंचायतीच्या दारावर लावली, असं पत्र आलं. पहिलीचं काय केलं ते त्यांनी लिहिलं नाही आणि इकडनंही कुणी विचारलं नाही. ऑर्डरी पहिल्यासारख्याच येत राहिल्या.

ऑगस्टच्या एकतीस तारखेला मिस्त्री घरी गेले. मुलीचं शिक्षण राहू नये म्हणून पुढं दोन वर्षं ते वारणानगरला कॉलनीच्या दारंखिडक्यांच्या कामावर जात होते, असं सयाजीकडनं कळलं. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस, दिवसभर चौकटी उचलत. मनाली नर्स झाली, तेही सयाजीनंच सांगितलं. प्रत्येक वेळी अण्णासोंना वाटे, एकदा त्यांच्या गावी जाऊन यावं. पण गावाचं नाव सयाजीलाही विचारलं नाही. जाऊन बोलायचं तरी काय? क्षमा मागायची तर माणूस म्हणतो रेघ माझी होती. न मागावी तर जायचं कशाला?

मिस्त्री वारले ते दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात. अण्णासोंना ते पंधरा दिवसांनी समजलं. त्याआधी चारेक महिने, जानेवारीत, दोघांची रंकाळा स्टँडवर गाठ पडली होती. मिस्त्रींनी पांढरी टोपी घातली होती आणि हातात औषधांची पिशवी होती. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं, सध्या लांबचं नीट दिसत नाही म्हणाले. मनाली मिरजेला असते, तिला मुलगी झाली, तिचं नाव श्रुती ठेवलंय. अण्णासोंनी आपलं सांगितलं, रिटायर झालो, गुडघा दुखतो. अण्णासोंच्या मनात सात वर्षांपूर्वीचं सगळं तोंडापर्यंत आलं होतं, आणि ते घसा खाकरणार तेवढ्यात एक गाडी आत आली. लोक धावले.

“अण्णासो, पाटी काय म्हंतीया तेवढं वाचा की.”

अण्णासोंना तिथनंही वाचता येत होतं. तरी ते गर्दीतनं पुढं गेले, काचेवरची पाटी जवळनं वाचली, कंडक्टरलाही विचारलं, आणि परत आले.

“राधानगरीच आहे.”

“नक्की न्हवं?”

“नक्की. कंडक्टरलाही विचारलं.”

“मग बसतो. बसाय जागा मिळंल न्हवं?”

“मिळंल की. मागनं चढा.”

“बरं. तुमी बी जावा आता, ऊन व्हाय लागलंय.”